पाण्यात उतरताना जवळ बाळगावयाची सुरी : निवड आणि वापर



कुकडीवरील माणिकडोह व येडगाव, मीनेवरील वडज, घोडवरील डिंभे आणि आर नदीवरील पिंपळगाव जोगे या धरणांमुळे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे आली. त्याचबरोबर पाण्यात उतरून करावयाची कामेही वाढली. धरणाच्या फुगवट्यात जाळे लावणे, काठावरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करणे, विहिरीत अडकलेला पाणबुडी पंप सोडवणे, शेततळ्यातील मासे धरणे, ही कामे आज अनेक घरांत चालतात. औषध फवारताना तोंडाला रुमाल बांधावा हे आपण वाचलेले असते. पाण्यात उतरताना काय जवळ ठेवावे हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. या लेखात त्यापैकी एकाच वस्तूचा विचार केला आहे. ती वस्तू म्हणजे कमरेची सुरी.

आपल्याकडे कमरेला हत्यार म्हटले की पहिल्यांदा बिबट्या आठवतो. येथे त्याचा संबंध नाही. ही सुरी मासा मारण्यासाठी किंवा साफ करण्यासाठीही नाही. पाण्याखाली दोर, जाळे किंवा तंगूस अंगाला गुंडाळला गेला तर स्वतःला सोडवून घेणे, एवढ्या एकाच कामासाठी ती बाळगावयाची आहे. हे काम आयुष्यात कदाचित एकदाच पडेल, आणि पडेल तेव्हा हातात अर्ध्या मिनिटापेक्षा फार जास्त वेळ नसेल. म्हणून तिची निवड घरातल्या सुरीपेक्षा वेगळी करावी लागते.

गरज नायलॉनमुळे निर्माण झाली

पूर्वी दोर अंबाडीचा किंवा घायपाताचा असे आणि जाळी सुताची. ती पाण्यात कुजत, जुनी झाली की झटक्याने तुटत. नायलॉन कुजत नाही. तंगूसचा एक धागा जोर केला तर हाताने तुटेल, परंतु जाळ्याच्या दहा-वीस डोळ्यांत पाय गेला की सर्व धागे मिळून ओढ घेतात आणि धडधाकट गड्यालाही ते तुटत नाहीत. शिवाय पाण्यात तंगूस दिसत नाही, म्हणूनच तर त्यात मासा सापडतो. जे जाळे माशाला दिसत नाही ते बुडी मारणाऱ्यालाही दिसत नाही. तुटून वाहून गेलेली जाळी तळाशी वर्षानुवर्षे तशीच राहतात.

डिंभे जलाशयाचे उदाहरण घेऊ. या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, त्याबरोबर शेते, बांध आणि झाडेही गेली. धरणग्रस्त आदिवासी बांधवांनी पुढे सहकारी संस्था स्थापन करून या जलाशयात मत्स्यबीज सोडण्याचे व मासेमारीचे काम उभे केले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. रोहू, कटला, मृगळ, चिलापी धरण्यासाठी उभी जाळी लावतात. अशा कोणत्याही जलाशयात पाणी उतरू लागले की जाळे बुडालेल्या खोडाला किंवा बांधाच्या दगडाला अडकते. वरून ओढून निघाले नाही तर कोणीतरी श्वास रोखून खाली जातो आणि हाताने सोडवू लागतो. धोका नेमका याच वेळी असतो. जाळे ताणलेले असते. ते सुटले की ढिले पडून पाण्याबरोबर सोडवणाऱ्याच्या अंगावर येते. सदऱ्याची बटणे, करगोटा, मनगटावरचे घड्याळ, पायातील चप्पल यांत डोळे अडकतात. माणूस सुटण्यासाठी वळतो आणि वळल्यामुळे आणखी गुंडाळला जातो.

अशा वेळी सुरी असूनही ती न वापरण्याचे एक कारण फार साधे असते. जाळे महाग असते, कधी उसनवारीवर आणलेले असते आणि ते कापायला हात धजत नाही. म्हणून जाळे कापायचे की नाही याचा विचार पाण्याखाली करू नये. तो काठावर, कोरड्या अंगाने करावा. खाली गेलो आणि अंग अडकले तर जाळे कापायचे, हे नावेतल्या जोडीदारालाही सांगून ठेवावे. फाटलेले जाळे विणता येते.

पोलाद कसे ओळखावे

बाजारात आणि लोहाराकडे साधारण तीन प्रकारचे पोलाद मिळते.

पहिले, ट्रकच्या कमानपाट्याचे. आपले कोयते, विळे बहुधा याचेच असतात. लोहाराने पाणी नीट दिले असेल तर धार उत्तम बसते व टिकते. दोष एकच, गंज. गंज पाते खाण्याआधी धार खातो, कारण धार हा पात्याचा सर्वांत पातळ भाग असतो. ओली सुरी म्यानात तशीच ठेवली तर सकाळी पाते ठीक दिसते, पण धारेवर बोट अलगद फिरवले तर ती बोथट झालेली कळते. गोड्या पाण्यात हा वेग समुद्रापेक्षा कमी असतो. त्यामुळे रोज पुसून तेलाचा हात देण्याची शिस्त असेल तर आपल्या भागात कमानपाट्याची सुरी चालू शकते.

दुसरे, न गंजणारे पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील. यात निदान दहा-साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो आतील लोखंडाचे रक्षण करतो. परंतु स्टेनलेस म्हणून मिळणारे सर्वच पोलाद सुरीच्या कामाचे नसते. डबे, ताटे ज्याची होतात ते ३०४ प्रतीचे पोलाद गंजत नाही, पण त्याला पाणी देऊन कठीण करता येत नाही. अशा पत्र्याची सुरी चकचकीत दिसते आणि पहिल्याच दोराला धार वळते. सुरीसाठी ४२० किंवा त्यावरच्या प्रतीचे, तापवून पाणी दिलेले पोलाद लागते. ओळखण्यासाठी जुन्या रेडिओच्या स्पीकरचे चुंबक घ्यावे. भांड्याच्या पोलादाला ते चिकटत नाही किंवा अगदी अलगद चिकटते. सुरीच्या पोलादाला घट्ट चिकटते. चिकटले म्हणजे चांगलेच असे मात्र समजू नये, कारण मऊ पोलादाच्या काही प्रतींनाही चुंबक चिकटते. म्हणून दुसरी परीक्षा कानशीची करावी. पात्याच्या मुठीजवळच्या कोपऱ्यावर कानस हलकेच फिरवावी. ती घसरत गेली तर पाणी चांगले आहे, कुरतडून कीस काढू लागली तर पोलाद मऊ आहे. दुकानदार ही परीक्षा करू देणार नाही हे खरे. एक सुरी विकत घेऊन घरी करावी आणि उतरली तर बाकीच्यांनी त्याच बनावटीची घ्यावी.

तिसरा प्रकार हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचा. कलम बांधणारे बागायतदार त्याची सुरी करतात आणि त्या कामाला ती छान असते. पाण्याखाली ती नेऊ नये. ते पाते कठीण पण ठिसूळ असते आणि दोरात अडकवून पिळले की तुटते.

माझ्या मते ज्याला रोज पाण्यात उतरायचे आहे त्याने स्टेनलेसच घ्यावी. धार थोडी कमी टिकेल, पण संध्याकाळी थकून आल्यावर सुरी पुसायची राहून गेली तरी नुकसान होणार नाही. शिस्तीवर अवलंबून असलेले साधन अडचणीच्या वेळी दगा देते.

धार, टोक आणि मूठ

पाते तीन ते चार इंचांचे पुरे. रुंदी एक इंचाच्या आत आणि जाडी दोन ते तीन मिलिमीटर असावी. लांब पाते जाळ्यात स्वतःच अडकते. कोयता किंवा विळा घेऊन बुडी मारणे अयोग्य आहे. पाण्याखाली घाव घालता येत नाही, कारण पाणी हाताचा वेग मोडते. तेथे फक्त ओढून कापता येते.

ओढून कापायचे असल्यामुळे धारेचा निदान निम्मा भाग दातेरी असावा. गहू कापताना दातेरी वैभव विळा आणि साधा विळा यांतला फरक आपण अनुभवला आहे. साध्या विळ्याची धार उतरली की काड निसटते. दातेरी विळा काड धरून ठेवतो. ओला नायलॉनचा दोर गव्हाच्या काडापेक्षा कितीतरी गुळगुळीत असतो. पात्याचा पुढचा भाग साधा व मुठीजवळचा दातेरी असा जोड सर्वांत उपयुक्त, कारण मुठीजवळ हाताचा जोर जास्त मिळतो. बारीक तंगूस साध्या धारेने कापावा, जाड दोर दात्यांनी.

टोक अणकुचीदार नसावे. विकत घेतलेल्या सुरीचे टोक कानशीने किंवा ग्राइंडरने गोल करून घ्यावे. ग्राइंडरवर पाते तापून निळे पडू देऊ नये, नाहीतर दिलेले पाणी उतरते. दर दोन-तीन सेकंदांनी बादलीत बुडवावे. बोथट टोकाचा फायदा असा की आंधळेपणाने पायाजवळ सुरी सरकवली तरी मांडीत घुसत नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून मासेमारी करणाऱ्यांनी तर टोकदार सुरी कमरेला बांधूच नये, हे वेगळे सांगायला नको.

मूठ लाकडी असल्यास फुगते, वाळते आणि रिबिटे ढिली पडतात. प्लास्टिकची किंवा रबराची, खरबरीत मूठ घ्यावी. तिच्यावर लाल किंवा केशरी इलेक्ट्रिक टेप गुंडाळावी. काळ्या मुठीची सुरी गाळात पडली की गेलीच.

द्राक्ष बागायतदार मित्र विचारतील की छाटणीची कात्री का नको? छाटणीच्या कात्रीची स्प्रिंग उघडी असते व तिच्यात जाळ्याचे डोळे अडकतात. मणी विरळणीची लहान, बोथट टोकाची कात्री मात्र चांगली. अंगाला घट्ट आवळलेला धागा तिने त्वचेला इजा न होता कापता येतो. ती सुरीसोबत दुसरे साधन म्हणून ठेवावी, सुरीऐवजी नाही. घडीचा चाकू घेऊ नये. तो उघडायला दोन हात व नख लागते, आणि अडकलेल्या माणसाचा एकच हात मोकळा असू शकतो.

सुरी कोठे व कशी बांधावी

सह्याद्रीच्या घाटात कमरेच्या मागे आकडीत कोयता अडकवण्याची रीत आहे. रानात ती सोयीची आहे, कारण झाडीतून चालताना पाते मागे राहते. पाण्यात नेमके उलटे होते. पाते उघडे असल्याने जाळे त्यालाच अडकते आणि मागे फक्त एकच हात पोचतो. पोटरीला सुरी बांधलेले पाणबुडे आपण चित्रांत पाहतो, पण पाय हाच बहुधा पहिल्यांदा अडकतो आणि गुंडाळलेल्या पायापर्यंत वाकणे जमत नाही. शिवाय पायाला बांधलेले म्यान हा जाळे अडकवणारा आणखी एक खुंटाच.

श्वास रोखून समुद्रात भाल्याने मासे टिपणाऱ्यांची अडचण आपल्यासारखीच असते. त्यांच्या भाल्याला लांब दोरी असते, भाला लागलेला मासा खडकांत फिरतो आणि दोरी माणसाला गुंडाळते. त्यांच्यात सुरी कमरपट्ट्यावर पोटासमोर किंवा दंडावर बांधण्याचा प्रघात आहे. आपणही पोटासमोर, बेंबीच्या किंचित डावीकडे, आडवी बांधावी. तेथे उजवा आणि डावा दोन्ही हात पोचतात. करगोट्याला किंवा चड्डीच्या नाडीला बांधू नये. त्यासाठी रुंद नायलॉनचा पट्टा स्वतंत्र असावा.

म्यान कातड्याचे नको. कातडे पाणी धरते आणि पात्याला गंज आणते. प्लास्टिकचे म्यान सुरीसोबत मिळाले नाही तर घरी करता येते. पीव्हीसी पाइपचा पाऊण ते एक इंची उरलेला तुकडा उकळत्या पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवावा, चिमट्याने काढून दोन फळ्यांमध्ये दाबून चपटा करावा व आत तेल लावलेली सुरी घालून थंड होऊ द्यावा. सुरी घालताना जाड हातमोजे वापरावेत. थेट जाळावर पाइप धरू नये, धूर विषारी असतो. खालच्या टोकाला पाणी निथळण्यासाठी भोक ठेवावे.

सुरी म्यानातून आपोआप निसटू नये आणि ओढताच निघावी, या दोन गोष्टी एकत्र साधण्यास सायकलच्या ट्यूबचे कापलेले कडे उत्तम काम करते. कडे म्यानाला पक्के करून मुठीवरून चढवावे. अंगठ्याने ढकलले की सुटते. बटणाची किंवा बक्कलची पट्टी गारठलेल्या बोटांनी निघत नाही. पौषात पहाटे जाळे काढणाऱ्यांना हे माहीत आहे.

सुरी हरवू नये म्हणून ती दोरीने मनगटाला बांधावी का, असे पुष्कळजण विचारतात. याबाबत कोरियातील जेजू बेटावरील पाणबुड्या स्त्रियांचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. त्यांना हेन्यो म्हणतात आणि त्यांची परंपरा २०१६ साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदली गेली. खडकाला चिकटलेले मोठे शिंपले उचकटण्यासाठी त्या एक चपटी लोखंडी पट्टी वापरतात व तिची दोरी मनगटात अडकवतात. शिंपल्याने खडक घट्ट धरला की पट्टी त्याखाली अडकते आणि मनगटातली दोरी वेळेत निघाली नाही तर बाई खालीच राहते. ज्या दोरीने हत्यार वाचवायचे तीच जीव घेते. म्हणून आपल्या सुरीला मनगटाची दोरी नको. हरवण्याची भीती वाटत असेल तर म्यान व मूठ यांच्यामध्ये हाताच्या झटक्याने तुटेल असा साधा सुती दोरा बांधावा.

कापण्याची रीत आणि सराव

अडकल्याचे जाणवताच हालचाल थांबवावी. वळू नये, पाय झाडू नयेत. मोकळ्या हाताने सुरी काढावी. दुसरा हात मोकळा असेल तर अंगाजवळच्या धाग्यांचा झुबका मुठीत धरून ताणावा, कारण ढिला धागा पात्यापुढे नुसता सरकतो. पाते धागा आणि अंग यांच्यामध्ये घालून धार बाहेरच्या बाजूला ठेवावी व अंगापासून दूर ओढावे. प्रत्येक धागा सोडवत बसू नये. जाळ्याचा जो भाग खोडाला किंवा दगडाला बांधून ठेवतो आहे तो तोडावा आणि अंगावरचे उरलेले जाळे घेऊनच वर यावे. ते काठावर सावकाश काढता येते.

हे वाचून जमत नाही. फाटक्या जाळ्याचा तुकडा घेऊन पाण्याने भरलेल्या टाकीत किंवा मोठ्या बादलीत हात बुडवावेत, डोळे मिटावेत आणि आधी उजव्या, मग डाव्या हाताने म्यानातून सुरी काढून जाळे कापून पाहावे. डाव्या हाताने पहिल्यांदा बहुतेकांची तारांबळ उडते. घरात तरुण मुले असतील तर ती हा सराव आवडीने करतात.

येथे श्वासाबद्दल सांगणे भाग आहे. बुडी मारण्यापूर्वी भराभर दहा-वीस खोल श्वास घेण्याची सवय अनेकांना असते. त्याने छातीत प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. रक्तातील कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. श्वास घेण्याची तळमळ प्राणवायू संपल्याने नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. तो आधीच कमी केला तर तळमळ होण्यापूर्वीच प्राणवायू संपतो व माणूस पाण्याखाली कोणतीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. अशा माणसाच्या कमरेची सुरी निरुपयोगी आहे. म्हणून खाली जाण्यापूर्वी शांतपणे नेहमीसारखे श्वास घ्यावेत, दोन बुड्यांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी आणि एक जण खाली असताना दुसऱ्याने वरून नजर ठेवावी. दोघांनी एकाच वेळी बुडी मारू नये. एकट्याने तर मारूच नये, जाळे कितीही मोलाचे असो.

विहीर आणि शेततळे

विहिरीत पंप सोडवायला उतरण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही. फ्यूज काढून खिशात ठेवावेत आणि स्टार्टरजवळ माणूस बसवावा. वीज गेलेली आहे, या भरवशावर राहू नये. ती आपल्याकडे केव्हाही येते. दोर आणि केबल एकत्र बांधलेली असतात, म्हणून सुरी चालवण्यापूर्वी हाताने दोन्ही वेगळे करून घ्यावेत. पंपाचा भार ज्या दोरावर आहे तो दोर खाली उभे राहून कापू नये. ज्या विहिरीत पाणी कमी आणि हवा कोंदट आहे तेथे सुरीपेक्षा मोठा धोका विषारी वायूचा असतो. तेथे मुळात उतरू नये.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात सुरीचे काम थोडे आणि नुकसान मोठे. बोथट टोकाचा आग्रह तेथे आणखी एका कारणाने धरावा लागतो, कारण अस्तराला एक छिद्र पडले की तळे रिकामे होऊ लागते. शेततळ्यात माणसे बुडतात ती बहुधा ओल्या, शेवाळलेल्या अस्तरावर पाय ठरत नाही म्हणून. तेथे चारही बाजूंना गाठी मारलेले दोर कायमचे सोडून ठेवावेत.

कायद्याची बाजू आणि निगा

शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रांत मोडते. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आपली चार इंची सुरी या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. तरीही ती कमरेला लावून बाजारात किंवा एस.टी.त जाऊ नये. काम संपले की जाळ्याच्या पिशवीत ठेवावी. सण-निवडणुकीच्या काळात पोलिसांचे हत्यारबंदीचे आदेश निघतात, तेव्हा विशेष काळजी घ्यावी.

या सुरीने कांदा चिरू नये, पाइप कापू नये, माशाचे खवले काढू नयेत. घरातल्या मंडळींना तसे सांगून ठेवावे, कारण धार असलेली सुरी स्वयंपाकघरात आपोआप जाते. वापरल्यावर साध्या पाण्याने धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचा हात द्यावा. साधी धार पाणीदगडावर महिन्यातून एकदा लावावी; दात्यांसाठी बारीक गोल कानस वापरावी व दात्याच्या एकाच बाजूने फिरवावी. हाताला कापले तर जखम स्वच्छ धुऊन दाबून धरावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. सायकलच्या ट्यूबचे कडे उन्हाने तडकते. ते दर तीन-चार महिन्यांनी ओढून पाहावे आणि सैल वाटल्यास नवे कापून घालावे.